आईचा हात पेढ्याकडे का जातो

मागच्या वर्षी दिवाळी संपल्यावर दोन दिवस सुट्टी काढून साताऱ्याला गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी उपमा करायला घेतला, आई अंघोळीला गेलेली, रव्याच्या डब्यात वाटी घातली तर ती कशाला तरी अडली. हात घातला तर पेपरमध्ये गुंडाळलेली पुडी निघाली, आत सहा कंदी पेढे. पुडी तळापर्यंत खुपसून वरचा रवा वाटीने दाबून परत सारखा केलेला, कुणाला दिसू नये म्हणून.

आई एकाहत्तर वर्षांची आहे, डायबेटिसला चौदा वर्षं झाली. मी पुण्यात पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, सोळा वर्षं लोकांच्या शुगर करतेय, तिचा प्रत्येक रिपोर्ट आधी मी बघते आणि मग डॉक्टर. त्यामुळे ती बाहेर आल्यावर मी जे बोलले ते बोलायला नको होतं. तुला कळत नाही का, मी रोज पायाच्या जखमा न भरणारी माणसं बघते, तुझ्यासाठी आम्ही घरात मिठाई आणायची बंद केली आणि तू लहान पोरासारखी लपवून खातेस, असं बरंच काही. ती ओल्या केसांना पंचा गुंडाळून तशीच ओट्याला टेकून उभी राहिली, मधे काही बोलली नाही, आणि मी थांबल्यावर एवढंच म्हणाली, "कळतंय की मला. भूक पण नव्हती गं. खाल्ला तर फार छान लागला असंही नाही. पण डब्यात आहे हे माहीत असलं की हात जातोच."

ते वाक्य डोक्यातून गेलंच नाही. भूक नव्हती, छानही लागला नाही, तरी हात गेला. आपण याला हावरटपणा म्हणतो, जिभेवर ताबा नाही म्हणतो, पण इथे तर जिभेला विशेष आवडलाच नव्हता, मग मागत कोण होतं? मी रक्तातली साखर मोजते, मला तिचे आकडे तोंडपाठ आहेत, पण ती खावीशी वाटते म्हणजे शरीरात नेमकं काय होतं याचा मी इतक्या वर्षांत कधी विचारच केला नव्हता. मग वाचायला लागले, रात्री उशिरापर्यंत, मिळेल ते. जे समजलं ते इथे लिहितेय कारण आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक घरात कुणी ना कुणी असं लपवून खातंय आणि कुणी ना कुणी त्याच्यावर ओरडतंय.

सुरुवात मेंदूपासून करते कारण आईच्या वाक्याचं उत्तर मला तिथेच मिळालं.

डोपामिन म्हणजे आनंदाचं रसायन, असं आपण सगळीकडे ऐकतो. मिशिगन विद्यापीठातले केंट बेरिज नावाचे शास्त्रज्ञ आहेत, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या शेवटी हेच तपासून बघितलं. उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन जवळजवळ संपवून टाकलं. ते उंदीर समोर खाणं असून खायला जाईनात, उपाशी मरतील पण तोंड पुढे करणार नाहीत अशी अवस्था. सगळ्यांना वाटलं असणार की आता यांना गोड आवडायचंच बंद झालं. पण त्यांच्या तोंडात साखरेच्या पाण्याचा थेंब सोडला की ते पूर्वीसारखेच ओठ चाटायचे, जीभ बाहेर काढायचे, तान्ह्या बाळाच्या जिभेला गोड लागलं की ते जसं करतं ना अगदी तसं. म्हणजे आवडत होतं, फक्त हवंसं वाटत नव्हतं. नंतर उलटंही बघितलं गेलं, ज्या उंदरांच्या मेंदूत डोपामिन जास्त राहतं ते गोडाकडे जास्त ओढीने पळत जायचे, पण चाखल्यावर त्यांना ते इतरांपेक्षा जास्त आवडत होतं असं काही दिसलं नाही.

चव आवडणं वेगळं आणि ओढ लागणं वेगळं. मेंदूत दोन्हींच्या वाटा वेगळ्या. आवडण्याचं काम मेंदूतल्या अगदी छोट्या छोट्या जागा करतात, त्यात शरीराची स्वतःची अफूसारखी रसायनं असतात, एंडॉर्फिन वगैरे. ओढीचं जाळं मात्र मोठं आहे आणि ते डोपामिनवर चालतं. आणि हे दोन्ही एकत्रच वाढतील असं काही नाही, आवड कमी होत गेली तरी ओढ तेवढीच राहू शकते, वाढूही शकते. हे वाचलं तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजले होते आणि मी आईला फोन करणार होते, मग वेळ बघून ठेवून दिला. तिने तिच्या शब्दांत हेच तर सांगितलं होतं.

आता "डब्यात आहे हे माहीत असलं की" हा तिच्या वाक्यातला भाग. वोल्फ्राम शुल्त्झ नावाच्या मेंदूशास्त्रज्ञांनी स्वित्झर्लंडमध्ये माकडांवर प्रयोग केले होते, माकडाला फळाच्या रसाचा थेंब मिळायचा आणि त्या वेळी त्याच्या मेंदूतल्या डोपामिनच्या पेशी काय करतात ते टिपलं जायचं. सुरुवातीला रस जिभेवर पडला की पेशी उसळायच्या. मग रसाच्या आधी एक खूण द्यायला सुरुवात केली, दिवा लागतो असं समजा, आणि काही दिवसांनी पेशी खूण दिसल्यावरच उसळायला लागल्या, रस आल्यावर काहीच नाही. आणि खूण दिली पण रस दिलाच नाही तर बरोबर ज्या क्षणी तो यायला हवा होता त्या क्षणी पेशी नेहमीपेक्षाही शांत व्हायच्या. १९९७ मध्ये 'सायन्स' या संशोधनाच्या मासिकात हे सगळं गणितासकट मांडलं गेलं. डोपामिन सुखाचा हिशोब ठेवतच नाही, ते ठेवतं अंदाजाचा हिशोब, अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं की कमी.

म्हणजे पेढा तोंडात जाण्याच्या कितीतरी आधी, रव्याचा डबा दिसला त्याच वेळी मेंदूत काम सुरू झालेलं असतं. आईला मी नंतर विचारलं, तर ती म्हणाली की आता नुसता तो स्टीलचा डबा पुसायला काढला तरी तोंडाला पाणी सुटतं, आत रवा आहे हे माहीत असून. तिने लपवण्यासाठी जी जागा निवडली तीच तिची खूण होऊन बसली, आणि उपमा, शिरा, सांजा काहीही करायचं म्हटलं की तो डबा दिवसातून दोनदा तरी उघडतोच.

बरं, पोट भरलेलं असताना गोड कसं जातं, हा प्रश्न तर आपल्या पंगतींनी पिढ्यान्पिढ्या विचारलेला आहे. भात नको, भाजी नको, पान हाताने झाकलेलं, आणि जिलेबीवाला आला की हात आपोआप बाजूला होतो. २०२५च्या फेब्रुवारीत जर्मनीतल्या कोलोनच्या माक्स प्लांक संस्थेच्या लोकांनी 'सायन्स' मध्येच यावर एक अभ्यास छापला आणि मी तो वाचून थक्क झाले. आपल्या मेंदूत हायपोथॅलॅमस म्हणून भाग आहे, तिथे पीओएमसी नावाच्या पेशी असतात, त्यांचं काम पोट भरल्याचं सांगायचं, आता बास म्हणायचं. तर याच पेशी 'बास' म्हणता म्हणता बीटा-एंडॉर्फिनही सोडतात, आणि ते मेंदूच्या दुसऱ्या एका भागात जाऊन साखरेची इच्छा जागी करतं. पोट भरलेल्या उंदरांना साखर दिली की ही वाट चालू व्हायची, साधं किंवा तेलकट खाणं दिलं तर नाही. ती वाट बंद केली तर पोट भरलेले उंदीर वरची साखर खायचे थांबले, भुकेल्या उंदरांवर मात्र त्याचा काही परिणाम नाही. माणसांना साखरेचं पाणी देऊन मेंदूचे स्कॅन काढले तर मेंदूचा तोच भाग जागा होताना दिसला. म्हणजे जी पेशी जेवण थांबवते तीच गोडाला दार उघडून देते. याचं कारण असं मानलं जातं की निसर्गात साखर क्वचित मिळायची, पिकलेलं फळ, मधाचं पोळं, आणि मिळाली की जागा नसली तरी खाऊन घ्यायची कारण उद्या असेल याची खात्री नाही. आपल्या शरीराला अजून कोणी सांगितलेलं नाही की आता कोपऱ्यावरच्या दुकानात ती रात्री दहापर्यंत मिळते.

हे झालं मेंदूचं. पण मेंदूला खालून चिठ्ठ्या येत असतात आणि त्या चिठ्ठ्या म्हणजे हॉर्मोन्स, तो भाग मला जास्त जवळचा कारण रक्तातून जाणारं सगळं कधी ना कधी माझ्या बल्बमध्ये, म्हणजे रक्त गोळा करायच्या छोट्या नळीत, येतं.

पोट रिकामं झालं की जठरातून घ्रेलिन निघतं. १९९९ साली जपानमध्ये कोजिमा आणि कांगावा यांनी ते शोधलं. जेवायच्या वेळेच्या आधी ते चढतं, जेवल्यावर उतरतं, आणि ते नुसती भूक लावत नाही तर मेंदूतल्या त्या डोपामिनच्या पेशींनाही टोचणी लावतं, म्हणून भुकेल्या पोटी मिठाईचं दुकान वेगळंच दिसतं. त्याच्या विरुद्ध बाजूला लेप्टिन, ते चरबीच्या पेशींतून येतं, १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने शोधलं. शरीरात साठा किती आहे ते लेप्टिन मेंदूला कळवतं आणि ओढ आवरतं. उंदरांमध्ये तर असंही दिसलंय की लेप्टिन थेट जिभेवरच्या गोड ओळखणाऱ्या पेशींवर काम करून गोडाची जाण कमी करतं.

आता झोप. २००४ मध्ये शिकागो विद्यापीठात बारा तरुण निरोगी मुलांना दोन रात्री चार चार तास झोपू दिलं आणि वेगळ्या वेळी दोन रात्री दहा तास. कमी झोपेनंतर लेप्टिन १८ टक्के खाली, घ्रेलिन २८ टक्के वर, भूक २४ टक्के जास्त, आणि त्यांना सगळ्यात जास्त काय खावंसं वाटलं तर गोड, खारट, पिठाचं. फक्त दोन रात्रींत! माझी होम कलेक्शनची ड्यूटी असते तेव्हा मी साडेचारला उठते, सहा वाजता लोकांच्या दारात फास्टिंगचं रक्त घ्यायला उभी असते, आणि त्या आठवड्यात सकाळी दहाच्या चहाबरोबर अर्धा पुडा बिस्किटं कधी संपतात तेच कळत नाही, हे मी वर्षानुवर्षं बघत आलेय आणि स्वतःला दोष देत आलेय. त्यात पाळीच्या आधीचे चार-पाच दिवस आले की विचारूच नका. इस्ट्रोजेन भूक थोडी दाबून ठेवतं, पाळीआधीच्या दिवसांत प्रोजेस्टेरॉन चढलेलं असतं आणि तो दाब सैल होतो, रक्तातली साखर पेशींत पोचवणाऱ्या इन्सुलिनचा असरही त्या दिवसांत थोडा कमी पडतो. आमच्या लॅबमधल्या सगळ्या मुली त्या दिवसांत चॉकलेट शोधतात, आता आम्ही ते एकमेकींना मोकळेपणाने सांगतो.

आणि आईची झोप? बाबांना दम्याचा त्रास आहे, रात्री दोनदा तीनदा उठतात, ते उठले की ती उठते, त्यात शुगर वाढलेली असली की लघवीला उठणं वेगळं. तिला सलग पाच तास झोप शेवटची कधी मिळाली असेल देव जाणे. मी तिच्या पेढ्यांचा हिशोब मांडला, झोपेचा एकदाही मांडला नाही. याची मला खरंच लाज वाटते.

अजून एक गोष्ट लोक सारखं विचारतात, तुझी आई तर एवढी बारीक, तिला कसा डायबेटिस? आई शेहेचाळीस किलोची आहे. याचं उत्तर जगाला पुण्यातून मिळालं हे कितीतरी पुणेकरांनाही माहीत नसेल. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास केला. त्यांनी दाखवलं की आपली बाळं इंग्लंडच्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी असतात पण त्यांच्यात स्नायू कमी आणि चरबी मात्र फारशी कमी नसते, आणि नाळेच्या रक्तात इन्सुलिन जास्तच सापडतं. जन्मतःच. 'लॅन्सेट' या वैद्यकीय मासिकात २००४ साली त्यांचा आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो आला होता, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) अगदी सारखा, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. तो फोटो मी मोबाईलमध्ये ठेवलाय, पेशंट असं विचारतात तेव्हा दाखवते. चरबीचा साठा असा आत लपलेला असला की इन्सुलिनचं शरीरात नीट ऐकलं जात नाही. आणि इन्सुलिन मेंदूतही पोचतं, तिथे त्याचं एक काम ओढ शांत करणं हे आहे, म्हणजे जेवल्यावर मेंदूला जी 'झालं आता' अशी खबर मिळायला हवी ती अशा शरीरात अर्धवटच पोचते. २०२३ मध्ये आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीत देशात १०.१ कोटी लोकांना डायबेटिस असल्याचं आलं आणि १३.६ कोटी लोक उंबरठ्यावर. एवढे सगळे लोक जिभेचे गुलाम झाले असं म्हणणं मला तरी आता जमत नाही.

शुगर-फ्रीच्या गोळ्यांबद्दल थोडं. आईला आम्ही चहात त्या गोळ्या घालून द्यायचो आणि ती तो चहा प्यायची, पण म्हणायची "गोड आहे, पण पोचत नाही". मला वाटायचं सवयीचा प्रश्न आहे. पण २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या लोकांनी उंदरांसमोर दोन बाटल्या ठेवल्या, एकीत साखरेचं पाणी, दुसरीत तेवढंच गोड पण साखर नसलेलं. पहिल्यांदा उंदीर दोन्हींतून सारखंच प्यायले, दोन दिवसांत जवळजवळ सगळे साखरेच्या बाटलीवर. कारण आतड्यात साखर ओळखणाऱ्या पेशी असतात, त्या व्हेगस नावाच्या नसेतून मेंदूला खबर देतात, आणि ती खबर खोट्या गोडाने जात नाही. त्याआधी २००८ मध्ये असंही दिसलं होतं की ज्या उंदरांना गोड चव कळतच नाही तेसुद्धा काही दिवसांत साखरेचंच पाणी निवडायला लागतात. जिभेचा काही संबंधच नाही! आईचं 'पोचत नाही' हे अगदी शब्दशः खरं होतं. पोचायचं होतं ते आतड्यात.

हे सगळं वाचून झाल्यावर फेब्रुवारीत मी साताऱ्याला गेले तेव्हा नर्सरीतून गुडमारचा वेल घेऊन गेले. गुडमार म्हणजे नावातच आहे, गूळ मारणारा. त्याच्या पानातलं द्रव्य जिभेवरच्या गोड ओळखणाऱ्या जागेला जाऊन चिकटतं आणि अर्धा-पाऊण तास गोड कळतच नाही. (औषध म्हणून नाही हं, डायबेटिसच्या गोळ्या चालू असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय गुडमार घेऊ नका, शुगर आणखी खाली जाऊ शकते. आम्ही एकदाच दोन पानं चावून थुंकली.) आई आणि मी मागच्या अंगणात पायरीवर बसलो. पानं कडवट, तुरट. तोंड धुतलं आणि आधी चिमूटभर साखर जिभेवर ठेवली. मी शपथेवर सांगते, वाळू. कण जिभेवर फिरताना कळत होते, विरघळताना कळत होते, चव नाही. मग एक कंदी पेढा मी अर्धा केला. वजनकाट्यावर अख्खा बावीस ग्रॅम भरला होता. आईने तिचा अर्धा तोंडात ठेवला, डोळे मिटले, बराच वेळ घोळवला. "दुधाचा वास आहे," म्हणाली, "खवा भाजलेला कळतोय. तूप कळतंय. पण पेढा नाही हा." आणि अर्ध्यातला राहिलेला तुकडा तिने स्वतःहून बशीत ठेवून दिला. कुणी सांगितलं नव्हतं. तासाभराने मी कपडे वाळत घालत होते तर आतून तिचा आवाज आला, "तो तुकडा कुठं ठेवलास गं?"

मी आणून दिला. त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही दोघी पेढ्याबद्दल न भांडता बोललो. तिने सांगितलं की खरं मागणं संध्याकाळी असतं, पाचच्या सुमाराला, हात कापरे होतात, घाम येतो, आणि तेव्हा गोड सोडून दुसरं काही सुचतच नाही. मी एकदम ताठ झाले. सोळा वर्षं या धंद्यात आहे मी. दुसऱ्या दिवशी पाच वाजता ग्लुकोमीटर घेऊन बसले, आणि तिने हात पुढे केला, बोट टोचलं, ६१.

सत्तरच्या खाली म्हणजे हायपो, रक्तातली साखर नको तितकी उतरलेली. तिच्या गोळ्यांमधली एक स्वादुपिंडातून इन्सुलिन काढून घेणारी आहे, जेवलं असो नसो ती इन्सुलिन काढतेच, आणि आई दुपारी अर्धी भाकरी खाऊन उठते. साखर इतकी खाली आली की शरीर ॲड्रेनलिन सोडतं, थरथर, घाम, धडधड, आणि मेंदू, जो जवळजवळ पूर्ण साखरेवरच चालतो, तो ओरडायला लागतो की आत्ता, लगेच. त्या वेळेला पेढ्याकडे गेलेला हात बरोबरच जात होता. तिला तो पेढा लागतच होता. आणि आम्ही घरातली मिठाई बंद करून, वर ओरडून, तिला हे सांगायचीही सोय ठेवली नव्हती. मी त्या संध्याकाळी तीन चमचे साखर पाण्यात ढवळून दिली, पंधरा मिनिटांनी परत तपासलं, ८४ आली, आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले. तिच्या डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी गोळीचा डोस कमी केला आणि चार वाजता काहीतरी खायचंच असं बजावलं. तुमच्या घरी कुणी ठरावीक वेळेला गोडाकडे धावत असेल आणि त्यांना डायबेटिसच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर आधी बोट टोचून बघा. ओरडायचं असेल तर नंतर ओरडा. गोळी मात्र स्वतःच्या मनाने कमी-जास्त करू नका.

हल्ली लॅबमध्ये त्या आठवड्याच्या इंजेक्शनवाले पेशंट येतात, २०२५ पासून वजनासाठीही ती आपल्याकडे मिळायला लागली. आपल्या आतड्यातून जेवल्यावर जीएलपी-१ नावाचं हॉर्मोन निघतं, पोट भरल्याची आणखी एक चिठ्ठी, पण ते रक्तात दोन मिनिटांत अर्धं उरतं. त्याच्यासारखंच पण आठवडाभर टिकणारं औषध म्हणजे हे इंजेक्शन. या घराण्यातलं पहिलं औषध, २००५ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं, गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याच्या लाळेतल्या द्रव्यावरून बनलेलं. एक काका रक्त देताना मला म्हणाले, "ताई, पहिल्यांदा असं झालंय की घरात बर्फी आहे आणि मला ती आठवत नाही." साठ वर्षांचा माणूस, टर्निकेट बांधलेला हात, आणि डोळ्यात पाणी. त्यांनीही आयुष्यभर ऐकलं असणार की तुमचा ताबा नाही. एका हॉर्मोनचा आवाज मोठा केला आणि ते सगळं शांत झालं, मग इतकी वर्षं काय कमी होतं, मनाचा निर्धार की हॉर्मोन? सगळ्यांना ते इंजेक्शन लागेल, चालेल, परवडेल असं मी म्हणत नाही, त्याचे त्रासही असतात, पण त्या काकांचं वाक्य मी आईला सांगितलं आणि तिने ते मला परत एकदा सांगायला लावलं.

आता आमच्या घरी काय बदललं ते सांगते. रव्याच्या डब्याची जागा बदलली, रवा काचेच्या बरणीत आला, स्टीलच्या डब्यात आता पोहे आहेत. घरात पेढ्यांचा साठा नाही, पण बंदीही नाही. शनिवारी बाबा फिरायला जातात तेव्हा दोनच पेढे आणतात, एक त्यांना एक तिला, आणि रात्री जेवणानंतर लगेच, भाकरी-भाजी-आमटी पोटात असताना, टेबलावर बसून बशीत घेऊन खायचा. लपवायचा नाही हे तिनेच घातलेलं कलम आहे. चार वाजता मूठभर फुटाणे नाहीतर ताकाबरोबर थालीपीठ. बाबांचा इनहेलर नीट घ्यायला शिकवला, रात्रीचं उठणं बरंच कमी झालंय, आणि मला वाटतं सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडला असावा. जूनच्या रिपोर्टला एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी शुगर सांगणारा आकडा, ८.४ वरून ७.३ आलं. जांभळ्या झाकणाचा तो बल्ब मी स्वतः मशीनला लावला होता.

परवा शनिवारी रात्री फोन केला तर आई वैतागलेली. म्हणाली, "आज पेढा चांगला नव्हता बघ. खवा भाजलाच नाही त्याने नीट, पांढरट ठेवलाय, नुसता गोडमिट्ट. अर्धा खाल्ला आणि ठेवून दिला, बाबांना सांगितलंय, पुढच्या शनिवारी दुसऱ्या दुकानातून आणा."